रांगेचा मधला माणूस

कॅझ ड्रोबनीला पहिला मार लागला तो दुसऱ्या सत्रात. स्टेडियममधल्या चाळीस हजार माणसांपैकी कुणालाच तो दिसला नाही, कारण सगळ्यांच्या नजरा चेंडूवर होत्या आणि चेंडू तेव्हा डावीकडच्या रेषेलगत पळत होता. तो जिथून सुटला तिथे, मैदानाच्या मधोमध, सहा-सात धिप्पाड माणसांचा ढीग पडला होता. कॅझ ढिगाच्या तळाशी होता. समोरच्या गॅल्व्हेस्टन संघातल्या कुणाचा तरी गुडघा त्याच्या हेल्मेटवर, डाव्या कानशिलाच्या जागी आदळला. मुद्दाम मारलेला नव्हता. पण मैदान गोठून फरशीसारखं झालं होतं, आणि डोकं गुडघा आणि जमीन यांच्यामध्ये सापडलं.

एमेट पर्डीने ते पाहिलं. तो कॅझच्या डाव्या हाताला खेळायचा. आठ वर्षं दोघे खांद्याला खांदा लावून वाकत आले होते आणि बाहेरगावी एकाच खोलीत झोपत आले होते. कॅझ कोणत्या कुशीवर घोरतो हेसुद्धा एमेटला माहीत होतं.

ढीग सुटला. कॅझ उठला. स्वतःच्या पायांनी उठला, गुडघे झटकले आणि चालू लागला. गॅल्व्हेस्टनच्या घोळक्याकडे.

एमेटने मागून त्याच्या कमरेचा पट्टा धरला.

"इकडे, म्हाताऱ्या. पांढऱ्या कपड्यातले आपले नव्हेत."

कॅझने वळून पाहिलं. डोळे उघडे होते, पण ते एमेटवर येऊन थांबत नव्हते. तो काहीतरी बोलला. एमेटला एक अक्षर कळलं नाही. ती स्लोव्हाक होती, कॅझच्या आईच्या स्वयंपाकघरातली भाषा. मैदानावर एमेटने ती आजवर ऐकली नव्हती.

"बरं, बरं," एमेट म्हणाला आणि त्याला पट्ट्याला धरूनच आपल्या घोळक्यात आणलं.

अमेरिकन फुटबॉलच्या बाद फेरीचा तो सामना होता. जिंकणारा अंतिम सामन्याला जाणार, हरणारा घरी. त्यांच्या संघाला, पोर्ट कार्व्हरच्या स्टोकर्सना, अंतिम सामना कधीच खेळायला मिळाला नव्हता. १९७३चा जानेवारी होता. सरोवरावरून सुटलेला वारा उघड्या बाजूने आत घुसत होता आणि थर्मासमधली कॉफी ओतेओतेपर्यंत गार होत होती. कॅझचं हे बारावं वर्ष होतं, आणि बारा वर्षांत तो एकाही सामन्याला मुकला नव्हता.

रांगेत पाच जण. त्यांचं काम चेंडूला हात लावण्याचं नाही. समोरच्यांना अडवून धरायचं, म्हणजे मागे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला खेळ करायला वेळ मिळतो. पाचांपैकी मधला, सेंटर, तेवढा चेंडू हाताळतो: वाकून, पायांमधून, मागे देतो. पण त्याचं खरं काम त्याच्या आधीचं. समोरचे कसे उभे आहेत ते पाहून तो एक हाक देतो आणि पाचही जण त्या हाकेप्रमाणे हलतात. स्टोकर्सच्या हाका बायकांच्या नावांच्या होत्या. लूसी म्हणजे सगळे डावीकडे, रोझी म्हणजे उजवीकडे, आणि पेगी म्हणजे ज्याने त्याने आपल्या समोरचा धरायचा. मधला होता कॅझ, आणि त्याचा आवाज भोंग्यासारखा होता. तो पलीकडच्या सज्ज्यातही ऐकू जायचा.

पुढच्या खेळीला कॅझ चेंडूवर वाकला आणि गप्प राहिला.

"रोझी!" एमेट ओरडला. "रोझी, रोझी!" आणि मग खालच्या आवाजात, "दे."

कॅझने चेंडू दिला. अगदी बरोबर दिला. समोरच्याला अडवलंही. डोकं जे विसरलं होतं ते हातापायांना ठाऊक होतं.

रांगेचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, कुणी कुणाला शिकवलेलाही नव्हता. रांगेतल्या माणसाला बाहेर कुणी काढायचं नाही. जायचं तर तो स्वतः जाईल. बाकीच्या चौघांचं काम, तो उभा आहे तोवर त्याला उभा ठेवायचं. दोन वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका सामन्यात एमेटच्याच डोक्याला असा फटका बसला होता. अर्धा सामना तो कुठे आहे हे त्याला कळत नव्हतं, आणि कॅझने त्याला प्रत्येक खेळीला हात धरून चालवला होता. त्या संध्याकाळी एमेट दोन ताटं जेवला. पुढच्या रविवारी ड्रोबनींच्या टेबलावर कॅझने ती गोष्ट रंगवून सांगितली. "मी याला म्हणतो, डावीकडे. हा मला विचारतो, कुणाच्या डावीकडे?" कॅझची बायको आयरीन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. एमेटही हसला होता. म्हणून हे कसं असतं ते एमेटला माहीत होतं. थोडा वेळ धुकं असतं, मग निवळतं. मधल्या वेळात माणसाला आपल्याच माणसांत ठेवायचं.

मध्यंतरात कपडे बदलायच्या खोलीत त्याने कॅझला कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं आणि हातात गरम रश्श्याचा पेला दिला. कॅझने तो धरून ठेवला. प्यायला नाही.

ट्रेनर मर्ल एकेकाकडे बघत येत होता. तोंडात न पेटवलेली सिगार, खांद्यावर टॉवेल.

"डोकं आपटलं म्हणे तुझं, ड्रोबनी. किती बोटं?"

एमेट बुटाची नाडी बांधायला वाकला होता. "दोन," तो जमिनीकडे बघत पुटपुटला. मर्ल नेहमी दोनच दाखवायचा. सगळ्या संघाला ते माहीत होतं.

"दोन," कॅझ म्हणाला.

"शाब्बास. कोणता वार?"

"अरे, रविवार आहे म्हणून तर आपण इथे मरतोय," पलीकडून बड ओस्टर ओरडला, कॅझच्या उजव्या हाताला खेळणारा गार्ड. "सोमवारी कोण येतंय तुझं थोबाड बघायला?"

खोली हसली. मर्लही हसला आणि पुढे गेला.

मग व्हर्जिल स्ट्राउड आला. रांगेचा कोच. बारीक, कोरडा माणूस, कधीकाळी स्वतः गार्ड होता आणि आता एका पायाने लंगडत होता. त्याने कॅझकडे पाहिलं, हातातल्या भरल्या पेल्याकडे पाहिलं आणि एमेटला खुणेने बाजूला घेतलं.

"कसा आहे तो?"

"नेहमीसारखाच."

"हाका तुझ्या आवाजात येतायत."

"त्याचा घसा बसलाय, कोच. ही थंडी."

स्ट्राउड जरा जास्तच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. एमेटच्या मनात आलं, याने आणखी एकदा विचारलं तर मी सांगेन.

"ठीक," स्ट्राउड म्हणाला. "मला एवढंच विचारायचं होतं." आणि तो फळ्याकडे गेला.

तिसऱ्या सत्रात धुकं निवळल्यासारखं वाटलं. कॅझ इंग्रजीत बोलू लागला. एकदा त्याने स्वतः हाक दिली, "लूसी", आणि ती बरोबर होती. एमेटला इतकं हायसं वाटलं की खेळी संपल्यावर त्याने कॅझच्या हेल्मेटवर चापट मारायला हात उचलला. मग तो हात त्याने तसाच खाली घेतला.

"काय रे?" कॅझ म्हणाला.

"काही नाही. किती गुण झालेत आपले?"

कॅझने विचार केला. "कुणाशी खेळतोय आपण?"

चौथ्या सत्राच्या सुरुवातीला तो ओकला. खेळ थांबला होता, पंच चेंडू पुसत होते, आणि कॅझ वाकल्या वाकल्या ओकला. रांगेतले चौघे त्याच्याभोवती गोल करून उभे राहिले, बाकांकडे पाठी करून. बडने बुटाने बर्फाचा भुगा ओढून त्यावर टाकला.

"कॉफी," बड म्हणाला. "मी सांगत होतो ही कॉफी पिऊ नका."

सगळ्यात टोकाचा खेळाडू एमेटकडे बघत होता. एमेटने दुसरीकडे पाहिलं.

क्वार्टरबॅक रॉइस हॅनलन तेवढ्यात घोळक्यात आला. देखणा, फटकळ, तीस वर्षांचा. त्याचे ओठ थंडीने फुटले होते.

"एक सांग, पर्डी. मी इतका वेळ तुझाच आवाज का ऐकतोय? कॅझ मेलाय का?"

"हा काय समोर उभा आहे."

"उभा तर खांबही आहे."

"तू चेंडू फेक, रॉइस. रांगेचं आम्ही बघतो."

"मला चेंडू मिळतोय तोवर बघा काय बघायचं ते," रॉइस म्हणाला.

सामना संपायला जेमतेम चार सेकंद उरले तेव्हा गॅल्व्हेस्टनचे सोळा गुण होते आणि पोर्ट कार्व्हरचे चौदा. चेंडू गॅल्व्हेस्टनच्या वीस यार्डांच्या रेषेवर होता. किक खांबांमधून गेली तर तीन गुण आणि सामना. स्टोकर्सने शेवटची विश्रांती मागून घेतली.

किकसाठी मधला माणूस चेंडू हातात देत नाही. सात यार्ड मागे गुडघ्यावर बसलेल्या माणसाकडे तो पायांमधून फेकतो. स्टोकर्समध्ये तो बसणारा रॉइस होता. फेकणाऱ्याला डोकं पूर्ण खाली घालून, उलटं, मागे बघावं लागतं. चेंडू सुटतो त्या क्षणी त्याची मान उघडी असते आणि समोर कोण येतंय ते त्याला दिसत नसतं. समोरच्याने त्याच्या डोक्यावर आदळायला त्या काळी नियमांची काही हरकत नव्हती. गॅल्व्हेस्टनचा थॅडियस ब्रूम प्रत्येक किकला तेच करत होता. एकशे तीस किलोंचा माणूस. आदळल्यावर तो दर वेळी हात देऊन कॅझला उठवतही होता. त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

एमेट रॉइसजवळ गेला. "फेन्स्केला बोलवायचं का?"

डेल फेन्स्के राखीव सेंटर. बाकावर अंगाभोवती दोन कोट घेऊन बसला होता.

"का?" रॉइसने विचारलं.

एमेट बुटाच्या टोकाने बर्फ उकरत राहिला.

"गुरुवारी सरावात फेन्स्केने दोन चेंडू माझ्या डोक्यावरून फेकले," रॉइस म्हणाला. "कोरडे चेंडू. हा दगड झालाय. तुला काही सांगायचं असेल तर मला नको सांगू, तिकडे जाऊन कोचना सांग. अजून वेळ आहे."

बाक फार लांब नव्हता. स्ट्राउड रेषेवर उभा होता, दोन्ही हात कोटाच्या खिशात, आणि त्याची नजर एमेटवरच होती. एमेटने त्याच्याकडे पाहिलं. मग कॅझकडे पाहिलं. कॅझ एकटाच उभा होता, वाऱ्याकडे तोंड करून, आणि त्याने हनुवटीचा पट्टा सोडला होता, घरी आल्यासारखा.

एमेट परत कॅझकडे गेला. त्याने त्याचा पट्टा लावून दिला.

"काय करायचंय?" कॅझने विचारलं.

"लांबचा चेंडू द्यायचाय. वाकलास की पायांमधून तुला रॉइसचे हात दिसतील. तिथे फेक."

"रॉइसचे हात."

"हां. आणि फेकल्याबरोबर डोकं वर. ऐकतोयस ना? लगेच वर."

"ओरडतोस कशाला?" कॅझ म्हणाला. "मला येतं हे."

येत होतं. चेंडू वाऱ्यातून सरळ गेला, रॉइसच्या ओंजळीत पडला आणि शिवण पुढे घेऊन थांबला. बारा वर्षांत कॅझने याहून चांगला चेंडू फेकला नसेल. एमेटचं काम डाव्या पायाने बाहेर पाऊल टाकून आपल्या आणि डावीकडच्या शेजाऱ्याच्या मधली फट बुजवण्याचं होतं. तो आत, कॅझकडे वळला असता तर ब्रूमला अडवू शकला असता, आणि त्या फटीतून कुणीतरी किकवर झेपावलं असतं. त्याने बाहेर पाऊल टाकलं. सोमवारी चित्रफीत बघताना स्ट्राउडने त्या पावलाजवळ यंत्र थांबवलं आणि काही न बोलता पुन्हा सुरू केलं. पाऊल अचूक होतं.

कॅझचं डोकं वर आलं नाही. ब्रूम आदळला तो आवाज एमेटने ऐकला. मग चाळीस हजारांचा आवाज आला आणि त्यावरून एमेटला कळलं की किक आत गेली.

ब्रूमने नेहमीसारखा हात पुढे केला. कॅझने तो धरला नाही. ब्रूम दोन्ही गुडघ्यांवर बसला आणि पंचांना हाका मारू लागला, पण तोवर प्रेक्षक मैदानात उतरले होते. पोर्ट कार्व्हर तीस वर्षं याच दिवसाची वाट बघत होतं. लोक कठड्यांवरून उड्या मारत होते, पडत होते, उठून पळत होते. एक मोठा जमाव गोलखांबांवर चढला. एमेट कॅझच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभा राहिला आणि अंगावर येणाऱ्यांना ढकलू लागला. लोकांना वाटलं तो नाचतोय. कुणीतरी त्याच्या पाठीवर बिअर ओतली. एका बाईने त्याच्या गळ्यात पडून त्याचा मुका घेतला. तो खाली वाकला तेव्हा कॅझचं हेल्मेट नव्हतं. कुणीतरी आठवण म्हणून काढून नेलं होतं.

"मागे व्हा!" एमेट ओरडत होता. "त्याला लागलंय!"

"आपण जिंकलो!" लोक उलट ओरडत होते.

रुग्णवाहिका बोगद्याच्या तोंडाशी अडकली होती. शेवटी ब्रूम, बड आणि रांगेतल्या दोघांनी कडेची जाहिरातीची फळी उपटून आणली. त्या फळीवर घालून त्यांनी कॅझला गर्दीतून नेलं. पुढे ब्रूम होता, गॅल्व्हेस्टनच्या पांढऱ्या कपड्यात, आणि पोर्ट कार्व्हरचे लोक त्याच्यावर बर्फाचे गोळे मारत होते. तो मान खाली घालून चालत राहिला.

इस्पितळाच्या खालच्या दालनात खांबांवरून पडलेली माणसं बसली होती. कुणाचं मनगट मोडलेलं, कुणाची बोटं थंडीने पांढरी पडलेली. सगळे खुशीत होते. एमेट बूट न काढता तसाच आला होता आणि खिळ्यांच्या बुटांचा टकटक आवाज ऐकून ते टाळ्या वाजवू लागले.

वर, दुसऱ्या मजल्यावर, आयरीन भिंतीला टेकून उभी होती. हातात कॅझची टोपी. स्ट्राउड सर्जनशी बोलत होता. सर्जनचं नाव हिक्स. तरुण होता, पण घाईत असूनही हळू बोलत होता.

"त्या शेवटच्या खेळीपर्यंत तो ठणठणीत होता," स्ट्राउड सांगत होता. "कुणालाही विचारा."

"शेवटचा मार मानेच्या मागे आहे," हिक्स म्हणाला. "त्याच्या डोळ्यांची जी लक्षणं मला दिसतायत ती त्याच्याशी जुळत नाहीत. मेंदूवर रक्त साठलंय, पण ते एवढ्या लवकर इतकं साठत नाही. कोणती बाजू उघडायची हे मला आत्ता ठरवायचंय. आधी काही लागलं होतं का? एखादा फटका? कुणी पाहिला?"

स्ट्राउडने एमेटकडे पाहिलं. एमेटला त्याचे डोळे कळले. रांगेतलं रांगेत.

"डावी बाजू," एमेट म्हणाला. "कानाच्या वर. गुडघा लागला. दुसऱ्या सत्रात."

हिक्सने घड्याळ पाहिलं. "म्हणजे दोन तासांच्या वर झाले. नंतर कसा होता?"

"वेगळ्या भाषेत बोलत होता. मग बरा झाला. मग विसरायला लागला. ओकला."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"नाही."

"आता सांगितलंत ते बरं केलंत," हिक्स म्हणाला आणि जवळजवळ धावतच आत गेला.

आयरीन भिंतीपासून हलली नव्हती. तिने सगळं ऐकलं होतं. ती दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती. लोक वेदनेने ओरडत असताना शांतपणे पुढची वेळ देण्याची तिला सवय होती. ती तशाच आवाजात बोलली.

"मी वर बसून टाळ्या वाजवत होते, एमेट."

"आयरीन..."

"मुलींना म्हणत होते, बघा, तुमचा बाबा कसा खेळतोय. पुढे बोल. आणखी काय बोलला तो?"

"तुला विचारत होता."

"काय?"

"आयरीन आली का, म्हणून. दोन-तीनदा."

"मग तू काय सांगितलंस?"

"वर बसलीय म्हणालो. तू चेंडूकडे बघ म्हणालो."

तिने मान हलवली, जशी कुणी वेळ सांगितल्यावर हलवतात, आणि बाकावर जाऊन बसली. टोपी मांडीवर ठेवली.

स्ट्राउडने एमेटला खिडकीशी नेलं. खाली रस्त्यावर मोटारी भोंगे वाजवत चालल्या होत्या.

"तिच्यादेखत सांगायची गरज नव्हती," तो म्हणाला.

"डॉक्टरांनी विचारलं."

"मीही विचारलं होतं तुला. मध्यंतरात."

"विचारलंत खरं," एमेट म्हणाला. "मी दुसरं उत्तर दिलं असतं तर काय केलं असतंत?"

"त्याला बसवलं असतं."

"खरंच?"

स्ट्राउडने हॅट घातली. "मी विचारलं होतं, पर्डी. तेवढं लक्षात ठेव, तुला कुणी पुढे विचारलं तर." तो जिन्याकडे गेला. त्याची लंगडी पावलं बराच वेळ ऐकू येत राहिली.

हिक्सने डावी बाजू उघडली. रक्त तिथेच होतं. बाहेर आल्यावर तो आयरीनला म्हणाला की जीव वाचेल असं वाटतं, पण जागा झाल्यावर कोण जागा होईल ते आत्ता सांगता येणार नाही. दुपारीच आणला असता तर, असं काही तो बोलणार होता. त्याने ते वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो हात काढला. उद्धटपणे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमेट आला तेव्हा कॅझ तसाच होता. डोक्याला पांढरं बांधलेलं, डोळे मिटलेले, उजवा हात चादरीवर कुणी विसरून गेल्यासारखा. आयरीनने त्या हाताची नखं कापली होती. नखांमध्ये अजून मैदानाची माती होती, ती कोरून काढली होती.

"रविवारी खेळणार आहेस?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"खेळ. नाही खेळलास तर पेपरात तुझ्या दुःखाबद्दल छापून येईल. मला ते वाचायचं नाही. आणि त्याच्याबद्दल चांगलं काही बोलू नकोस, कुणी विचारलं तर. शूर होता वगैरे."

"नाही बोलणार."

दारात डेल फेन्स्के उभा होता. चोवीस वर्षांचा, नुकतीच दाढी केलेला, हातात फुलं आणि ती कुठे ठेवायची ते न सुचलेला. आयरीनने फुलं घेतली, खुर्ची दिली, आभार मानले. तो बसला नाही. कॅझकडे त्याने एकदा पाहिलं आणि नंतर पाहिलं नाही.

"आता तू त्याच्या जागी," आयरीन म्हणाली.

"हो, मॅडम. म्हणजे, फक्त ते बरे होईपर्यंत."

"लग्न झालंय तुझं?"

"जूनमध्ये आहे."

"नाव काय तिचं?"

"मार्वा."

"मार्वाचा फोन नंबर दे मला."

फेन्स्केने एमेटकडे पाहिलं. एका महिन्यात तो रांगेत जेमतेम चार खेळ्या खेळला होता, पण कुणाकडे बघायचं ते त्याला आलं होतं.

"दे," एमेट म्हणाला.

फेन्स्केने आकडे सांगितले. आयरीनने ते लिहून घेतले नाहीत. पुटपुटत ती बाहेर गेली. टेलिफोन दालनाच्या टोकाला होता. काचेआड ती उभी दिसत होती, पाठमोरी, एक हात भिंतीवर टेकवून. तिचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. ती सावकाश बोलत होती आणि मधूनमधून थांबत होती, पलीकडून कुणी काही विचारत असावं तशी.

"काय सांगतायत तिला?" फेन्स्केने विचारलं.

"काल काय झालं ते."

"सगळं?"

"मी आयरीनला जेवढं सांगितलं तेवढं. ते सगळंच आहे."

फेन्स्के टोपीची कड चाचपत उभा राहिला. "कोच म्हणाले, आठवडाभर तुमच्याबरोबर बसून हाका पक्क्या करायच्या. आज दुपारपासून."

"हं."

"मार्वा घाबरट आहे हो. तिने ऐकलं आणि मला म्हणाली की खेळू नको, तर?"

"तर?" एमेट म्हणाला.

फेन्स्केने विचार केला. मनापासून केला, कपाळावर आठी आली. काचेआड आयरीन अजून बोलत होती.

"तर मी तिला समजावीन," तो म्हणाला. "रांगेतले सगळे आजूबाजूला असतात म्हणून सांगेन. तुम्ही तर अगदी शेजारीच असता."